बिल्ला नंबर एकशे सतरा

खळदकरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं. मी सांगितलं, "दत्तात्रय साठे." त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कशावरून?"

मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप होतो. मी साठे आहे याबद्दल तोवर कोणी शंका घेतली नव्हती. मुकाट्याने मॅट्रिकचा दाखला काढून दिला. त्यांनी तो उजेडासमोर धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि परत देत म्हणाले, "ठीक आहे. सध्या धरून चालू." पुढे कित्येक वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, पण ते 'सध्या' संपलं असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आमचा कारखाना पितळी नळ आणि तोट्यांचा. चिंचवड स्टेशनवरून मुंबई रस्त्याकडे येताना डाव्या हाताला. पिंपरीच्या बाजूने एकेक नवी चिमणी उभी राहत होती, पण आमच्या फाटकासमोर अजून ज्वारी डोलत असे. खळदकर त्या फाटकावरचे टाइमकीपर आणि मी त्यांचा जोडीदार. फाटकाच्या आत एक काळी फळी होती, तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला. कामगाराने आत येताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. भोंगा झाला की पेटीला कुलूप. फळीवर उरलेला बिल्ला म्हणजे न आलेला माणूस. यात शंका घ्यायला काही जागा नाही असं तुम्हाला वाटेल, कारण तुम्ही खळदकरांना पाहिलेलं नाही. ते रोज पेटी उघडून बिल्ले मोजत, मग कारखान्यात फिरून माणसं मोजत, आणि मग पुन्हा बिल्ले मोजत.

माणूस किरकोळ अंगाचा. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचे, दहा पावलं जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. दूध घ्यायचं तर गवळ्याने म्हैस दारात आणून समोर पिळायची, आणि एवढं करून पातेलं घरात नेताना ते म्हशीकडे एकदा संशयाने पाहून घेत.

त्यांची सायकल तर आख्ख्या चिंचवडात प्रसिद्ध होती. सायकल कुठेही टेकवली की खळदकर तिची सीट काढून काखेत मारत, घंटी काढून खिशात टाकत, आणि जागा अगदीच अनोळखी असली तर चाकातला व्हॉल्व्हसुद्धा काढून घेत. लग्नाच्या पंगतीत मांडीवर सीट घेऊन जिलबी खाणारे खळदकर मी स्वतः पाहिलेत. एकदा कोणीतरी मस्करीने त्यांची सायकल उचलून दुसऱ्या झाडाखाली नेऊन ठेवली. खळदकर एका हातात सीट आणि दुसऱ्या हातात घंटी घेऊन मोकळ्या जागेकडे पाहत उभे. मला वाटलं, आता आरडाओरडा करतील. पण त्यांचा चेहरा उजळलेला होता. "बघा साठे," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

लेथवरचा एकजण तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, चाकणला आई वारली. खळदकर म्हणाले, "कशावरून?" तो माणूस फाटकातच रडायला लागला. मला फार राग आला. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. रविवारी हे गृहस्थ सायकल मारत चाकणला गेले. सोमवारी त्याची रजा त्यांनी स्वतःच्या हाताने मांडली आणि दुपारी डबा उघडताना हळूच मला म्हणाले, "खरंच गेली हो. बसलो मी थोडा वेळ त्याच्या बापाजवळ. एकटा पडलाय म्हातारा." मला वाटलं, चला, पाझर फुटला. तर चार घास झाल्यावर म्हणतात, "अर्थात ती याची सख्खीच आई होती, हे विचारायचं राहिलं."

तरीही कामगार त्यांना सहन करत, त्याला कारण होतं. त्यांचा संशय वरच्या दिशेनेही तितकाच चाले. मॅनेजरसाहेबांनी एकदा आपल्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे भोंगा द्यायचं फर्मान काढलं आणि तीस-चाळीस माणसं एका आठवड्यात उशिराची ठरली. खळदकर टोपी सारखी करून केबिनमध्ये गेले आणि विचारते झाले, "साहेबांचं घड्याळ बरोबर, कशावरून?" घड्याळ सहा मिनिटं पुढे निघालं. उशीर खोडला गेला. फौंड्रीतल्या लोकांनी त्या दिवशी त्यांना फाटकात अडवून चहा पाजला. त्यांनी प्यायला, पण आधी कपाचा वास घेतला.

आता धोंडिबा ओव्हाळ. हा त्याच फौंड्रीतला, बिल्ला नंबर एकशे सतरा. वस्ती नदीकडेला, पवनेच्या वळणावर. त्या वर्षी दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आला आणि माणूस बदलला. आधी फाटकातून शिरताना कमरेत वाकून रामराम घालायचा, आता ताठ उभा राहून हात जोडायचा आणि सरळ डोळ्यांत पाहायचा. आमच्यातल्या पुष्कळांना ते खटकलं. मलाही खटकलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर स्टोअरमधून छत्तीस तोट्या नाहीशा झाल्या. पॉलिश केलेल्या, तयार. मॅनेजरसाहेबांनी खळदकरांना बोलावून सांगितलं, जानेवारी संपायच्या आत मला एक नाव पाहिजे. ज्याचं नाव येईल त्याची नोकरी गेली आणि वर पोलीस, हे सांगायची गरज नव्हती.

इथे माझा भाग येतो. मी नदीजवळ राहायचो. एका सकाळी दात घासत घाटावर उभा असताना मी धोंडिबा आणि त्याच्या बायकोला पाण्यात उभं पाहिलं होतं. बायकोच्या पदरात काहीतरी जड होतं. धोंडिबा त्यातून एकेक वस्तू काढून पाण्यात सोडत होता. ऊन लागून त्या पिवळ्या चमकल्या. मी हे टेबलावर गप्पांच्या ओघात बोलून गेलो. खळदकर पेन्सिलीला टोक करत होते, ते थांबले.

"पितळ?"

"तसं वाटलं."

"किती वस्तू?"

"मोजल्या नाहीत हो मी."

"मोजायच्या होत्या," ते म्हणाले. मग पेन्सिल खाली ठेवली. "पाण्यात ठेवलेलं पितळ गंजत नाही, साठे. वर्षाने काढलं तरी चालतं."

त्या दिवसांत धोंडिबाच्या वस्तीत काय चाललंय हे माझ्या कानावर आलं नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे देव नदीत सोडतात ते गणपती, तेही वाजतगाजत, पाहुणचार करून. असे सकाळी गुपचूप सोडलेले देव मला ओळखूच आले नाहीत. खळदकरांना तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर नाव लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप तीनदा ओढलं. "सहलीनंतरच्या सोमवारी देतो," म्हणाले. "तोवर एकदा हाताशी पुरावा लागतो का बघू."

सहल कामगारांचीच होती. जानेवारीतला रविवार, चिंचवडहून सकाळच्या पॅसेंजरने मळवली, तिथून चालत भाज्याची लेणी. बेचाळीस माणसं. खळदकर फलाटावर कापडी पिशवी घेऊन हजर. पिशवीत बेचाळीस बिल्ले! प्रत्येकाला त्याचा बिल्ला दिला. लेण्याशी पोहोचल्यावर गोळा करणार, निघताना पुन्हा देणार, म्हणजे डोंगरात माणूस हरवायला नको. पोरं हसून बेजार. "सायेब, भोंगा आनलाय का?" कोणीतरी विचारलं.

धोंडिबाच्या खांद्याला एक गाठोडं होतं, घट्ट बांधलेलं.

"काय आहे रे त्यात?"

"भाकर हाय."

"भाकरीला एवढ्या गाठी?"

धोंडिबाने गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. खळदकर माझ्या कानाशी आले. "साठे, गाठोड्यावर डोळा ठेवा." आणि मी ठेवला. मळवलीपासून शेतांच्या बांधांवरून, गावातून, मग पायऱ्या चढत, सबंध वाटेत मी डोंगर पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही, एका माणसाच्या पाठीवरचं फडकं पाहत चाललो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा मात्र आपण काहीतरी महत्त्वाचं करतोय असंच वाटत होतं.

वर पोहोचलो आणि मोठ्या चैत्यासमोर सगळे थबकले. डोंगराच्या पोटात एवढी मोठी कमान असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. आत दोन्ही बाजूंनी खांबांची रांग, शेवटी दगडाचा स्तूप, आणि वर छताला लाकडाच्या कमानी. तिथला राखणदार सांगायला लागला, ही पांडवांनी एका रात्रीत खोदली, वरचं लाकूड तेव्हापासूनचं आहे, खांब सत्तावीस.

"कशावरून?" खळदकर म्हणाले आणि खांब मोजायला निघाले. एकदा सव्वीस भरले, एकदा अठ्ठावीस. तिसऱ्यांदा सत्तावीस भरले तेव्हा ते थांबले, पण खूश दिसले नाहीत. "हे खांब आत कललेत," म्हणाले. "पडतील."

"पांडवांची न्हाईत ही लेणी," धोंडिबा म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बुद्धाच्या भिक्खूंची हायेत."

दोघे-तिघे फिस्सकन हसले. खळदकर वळले. "कशावरून?"

धोंडिबा जरा गडबडला. त्याने आजूबाजूला पाहिलं, मग स्तूपाकडे बोट केलं. "आत देवच न्हाई बगा. मूर्तीला जागाच ठिवली न्हाई. पांडवांनी खोदलं आसतं तर कुनीतरी देव बसवला आसता का न्हाई?"

खळदकर स्तूपाभोवती एक फेरी मारून आले. "हे म्हणणं बरोबर वाटतं," ते राखणदाराला म्हणाले. मला वाटलं, संशय फिटला. पण बाहेर येताना ते पुटपुटले, "हुशार आहे. जास्तच हुशार आहे."

दुपारी झाडाखाली जेवणं झाली आणि माणसं मोजता मोजता खळदकरांचं बोट हवेत थांबलं. एकेचाळीस. धोंडिबा नव्हता, गाठोडंही नव्हतं. त्यांनी मला खूण केली. आम्ही दोघे चपला हातात घेऊन चैत्यात शिरलो. स्तूपाच्या मागच्या अंगाला उजेड हलत होता. पुढे गेलो तर धोंडिबा गुडघ्यांवर बसलेला, शेजारी पेटलेली मेणबत्ती, चार झेंडूची फुलं, आणि तो दगडाच्या एका फटीत काहीतरी सरकवायच्या खटपटीत. ते चमकलं.

"पितळ!" खळदकर ओरडले. त्या पोकळीत तो शब्द घुमत बाहेरपर्यंत गेला. त्यांनी झडप घालून धोंडिबाचा हात धरला आणि मूठ उघडली.

तोटी नव्हती. तळहाताएवढा पातळ पत्रा होता, पितळेचा टाक. घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा. वर्षानुवर्षं हळद चोळून चोळून देवाचं नाक-डोळे गेले होते. घोडा तेवढा ओळखू येत होता.

"म्हातारीचा हाय, सायेब," धोंडिबा म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "तिच्या म्हायेरचा. बाकीचे समदे देव म्या नदीत सोडले. वस्तीतल्या लोकास्नी बी म्याच सोडाया लावले. ह्यो काय तिनं दिला न्हाई. उशाखाली घिऊन निजती. परवा म्हनली, तुज्या गुंफंत तरी ठिवून ये, पान्यात त्याला गारठा लागंल."

"कशावरून?" खळदकरांच्या तोंडून सवयीने गेलं.

"आता तिला काय इचारू सायेब, कशावरनं गारठा लागंल म्हनून?"

खळदकरांनी टाक आपल्या हातात घेऊन मेणबत्तीच्या उजेडात धरला. मला ती सकाळ आठवली, पदरातलं ओझं, पिवळी चमक. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मघाचं ओरडणं ऐकून माणसं येत होती. सगळ्यांत पुढे महादू, धोंडिबाचा शेजारी, त्याच्याच सांगण्यावरून घरातले देव पाण्यात सोडलेला.

धोंडिबाने खळदकरांकडे पाहिलं. कारखान्यात मी भट्टीसमोर उभी असलेली माणसं पाहिली आहेत, भाजलेली पाहिली आहेत. पण त्या वेळी त्याच्या तोंडावर जे होतं ते मी कुठे पाहिलं नव्हतं. नोकरीची भीती नव्हती ती. ज्यांना आपण देव सोडायला लावले, त्यांच्यासमोर आपल्याच हातात देव सापडायचा होता.

"काय घावलं वो सायेब?" महादूने विचारलं.

खळदकरांची मूठ कोटाच्या खिशात गेली. "काही नाही. मेणबत्ती लावली होती याने. वर लाकूड आहे, पेटलं तर?" आणि फुंकर मारून त्यांनी ती विझवली.

"पितळ म्हनाला न्हवं तुमी?"

"मी? कशावरून?"

महादूने डोकं खाजवलं. तो हसला, बाकीचे हसले, आणि सगळे बाहेर गेले. पुराव्याशिवाय सूर्य उगवला असंही न मानणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलताना ऐकलं.

परतताना चिंचवडच्या फलाटावर बिल्ले गोळा झाले. धोंडिबा आपला बिल्ला द्यायला आला तेव्हा खळदकरांनी तो परत त्याच्या हातात ठेवला. "हा म्हातारीला दे. वस्तू माझ्याकडे जमा आहे. बिल्ला दाखवेल तेव्हा मिळेल." फळीसाठी त्यांनी सोमवारी एकशे सतराचा दुसरा बिल्ला ठोकून घेतला.

त्याच सोमवारी पाकीट द्यायचं होतं. ते ड्रॉवरमध्येच राहिलं. मी म्हटलं, "फाडून टाका आता." तर म्हणाले, "टाक त्याचा निघाला म्हणून तोट्या त्याने घेतल्या नाहीत, कशावरून?" मला कपाळावर हात मारावासा वाटला. पण त्या दिवसापासून रोज सुटीनंतर हा माणूस स्टोअरमध्ये जाऊन बसायला लागला. एकेक खोकं उघडायचा, भुसा उपसायचा, पुन्हा भरायचा. मॅनेजरसाहेबांनी नाव मागितलं तेव्हा म्हणाला, "शोध चालू आहे." नवव्या दिवशी नापास मालाच्या खोक्यात, भुशाच्या तळाशी, त्या छत्तीस तोट्या निघाल्या. भरणाऱ्याने चुकीच्या खोक्यात घातल्या होत्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात गर्दी असताना खळदकर उठून उभे राहिले. "ओव्हाळ," ते म्हणाले, "तोट्या सापडल्या."

धोंडिबाने बिल्ला पेटीत टाकला. मग त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "कशावरनं?"

कोणी हसायचं धाडससुद्धा करेना. खळदकरांचे कान लाल झालेले मला दिसले. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. "या," म्हणाले. त्याला अहोजाहो करताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. स्टोअरमध्ये नेऊन त्यांनी धोंडिबासमोर खोकं उपडं केलं आणि एकेक तोटी त्याच्या हातात देत छत्तीसपर्यंत मोजायला लावलं. मग कोटातून ते पाकीट काढून तेही त्याच्या हातात दिलं. धोंडिबाने फोडून आपलं नाव वाचलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "ऱ्हाऊ द्या माज्यापाशी," एवढंच म्हणाला आणि भट्टीकडे गेला. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

मग दर रविवारी धोंडिबाची म्हातारी खळदकरांच्या अंगणात यायला लागली. मी एकदा तिथे होतो. काठी टेकत आली, ओट्यावर बसली. खळदकर बाहेर आले आणि म्हणाले, "बिल्ला?"

"अवो, मागल्या आयतवारी दावला न्हवं?"

"मागच्या रविवारी आलेल्या तुम्हीच कशावरून?"

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली, पदराची गाठ सोडून बिल्ला काढला. त्यांनी नंबर वाचला, मग आत जाऊन टाक आणला. देवघरातून नव्हे, दाखल्यांच्या पेटीतून. "माझा नाही तो," मला म्हणाले, "ठेव आहे." म्हातारीने टाकाला चिमूटभर हळद लावली, गालाशी धरला, परत दिला आणि बिल्ला गाठीत बांधून निघून गेली.

दोन वर्षं हे चाललं. मग एका सकाळी, पहिल्या शिफ्टची माणसं आत येत असताना, धोंडिबा फाटकात आला. त्याने पेटीत काही टाकलं नाही. झिजलेला जुना बिल्ला खळदकरांच्या टेबलावर ठेवला.

"म्हातारी गेली," तो म्हणाला. "पहाटं. तिच्या हातात टाक द्यायचाय. लोकांनी बगितला तरी चालंल आता."

मी खळदकरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बिल्ल्याचा नंबर वाचला नाही, पेटीला कुलूप घातलं नाही. टोपी उचलली, "साठे, बघा जरा," म्हणाले आणि टाक आणायला घराकडे निघाले.

भोंगा झाल्यावर मी नदीकडे गेलो. वळणावर माणसं जमली होती. त्यांच्या मागे, जरा बाजूला, खळदकर टोपी हातात धरून उघड्या डोक्याने उभे होते. अलीकडे रस्त्याच्या कडेला, बाभळीला त्यांची सायकल टेकवलेली होती. सीट सायकलवरच होती. घंटीही होती.

मी तिच्याजवळ गेलो, हँडल धरलं आणि ते परत येईपर्यंत तिथेच राखत उभा राहिलो.